तालुक्याच्या गावचा पडदा

साक्रीसारख्या तालुक्याच्या गावी चित्रपटगृहाला कुलूप लागले, तर त्याची बातमी होत नाही. एक धंदा बुडाला, एवढीच त्याची नोंद होते. वस्तुतः अशा गावात शेतकरी, मजूर, व्यापारी, शिक्षक आणि आदिवासी पाड्यांवरून आलेला माणूस एकाच छताखाली बसावा, अशा जागा थोड्याच असतात. थिएटरात तिकिटाचे दर निराळे असत. अंधार मात्र सर्वांना सारखाच वाट्याला येई.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमात लागला. मुंबईत जन्मलेली ही कला खेडोपाडी नेली ती फिरत्या तंबूंनी. यंत्र, पडदा आणि जनरेटर गाडीत घालून तंबूवाले जत्रा गाठीत, भोंग्यावरून पुकारा करीत आणि प्रेक्षक जमिनीवर बसून रात्रीचे खेळ पाहत. वीज आली, एस.टी. आली, तसतशी मोठ्या गावांतून कायमची थिएटरे उभी राहिली. शहरांत झिजलेल्या प्रती तेथे उशिराने पोहोचत. तरी घरी अहिराणी बोलणाऱ्या खानदेशी प्रेक्षकाला मराठी-हिंदी संवाद त्यांतूनच पाठ होत.

१९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत दूरदर्शन आले, मागोमाग व्हिडिओ आणि केबल. तरीही एकत्र बसून सिनेमा पाहण्याची भूक ओसरली नाही. शेजारच्या मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला, तो या भुकेपोटीच. खरा घाव यंत्राने घातला. फुजीफिल्मने २०१३ मध्ये चित्रपटाची फिल्म बनविणे थांबविले. वितरण डिजिटल झाले. रिळांवर चालणारी यंत्रे निरुपयोगी ठरली आणि नव्या यंत्राचा खर्च लहान मालकास पेलेना. महाराष्ट्रातील फिरत्या तंबूंची ही अखेर शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या अनुबोधपटात टिपली आहे.

शासनाने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा करून गावोगावच्या वाचनालयांना अनुदान दिले. मराठी चित्रपटाच्या निर्मात्यास १९७५ पासून करपरतावा मिळू लागला. थिएटराशी मात्र सरकारचा संबंध मुख्यतः १९२३ च्या कायद्यान्वये करमणूक कर वसूल करण्यापुरता राहिला. हा कर २०१७ मध्ये वस्तू व सेवा करात विलीन झाला, तोवर अनेक पडदे काळोखात गेले होते. चित्रपट काढणाऱ्याला मदत आणि तो दाखविणाऱ्यावर कर, असे हे धोरण होते.

थिएटर हा धंदाच होता, मालक काही दानधर्म करीत नव्हते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु एस.टी.ही तिकीट घेतेच. म्हणून तिला कोणी सार्वजनिक सेवा म्हणावयाचे थांबत नाही. नगरपंचायतीच्या एखाद्या सभागृहात शे-दीडशे खुर्च्या, डिजिटल यंत्र आणि परवडणारे तिकीट, एवढी सोय अशक्य नाही. आज सिनेमा ज्याच्या त्याच्या खिशातल्या मोबाईलवर आहे. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाबरोबर हसण्याची जागा मात्र गावातून गेली आहे, आणि ती पुन्हा उभी करणे कोणा एकट्या मालकाच्या आवाक्यातले नाही.