लॉगमध्ये तुमचं नाव आहे का?

प्रोजेक्टची व्हायवा सुरू आहे. बाहेरून आलेले सर लॅपटॉप स्वतःकडे ओढतात. स्लाइड्स बघत नाहीत, ॲप चालवून बघत नाहीत. काळ्या स्क्रीनवर फक्त दोन शब्द टाइप करतात : गिट लॉग. मग बाण दाबत खाली खाली जातात आणि विचारतात, ''इथं तर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच नाव दिसतंय. प्रोजेक्ट दोघींचा ना? मग तुझं काम कुठंय?''

हा प्रश्न जिला विचारला गेला, ती माझी मैत्रीण. गाव शिरड शहापूर, औंढा-वसमत रस्त्यावरचं. शिकायला नांदेडला. प्रोजेक्ट होता हळदीच्या रोजच्या भावाची नोंद ठेवणारं छोटं ॲप. आपल्याकडं घरोघरी हळद, त्यामुळे विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. अर्ध्याहून जास्त कोड तिनंच लिहिला होता. पण लॅपटॉप रूममेटचा. गिट पहिल्यांदा टाकलं तेव्हा त्यात नाव आणि ईमेल भरलं गेलं तेही रूममेटचं. पुढं चार महिने दोघी आळीपाळीनं त्याच लॅपटॉपवर बसल्या आणि प्रत्येक कमिट एकाच नावावर जमा होत गेलं. कुणी कुणाला फसवलं नव्हतं. फक्त लॉग उघडून कुणी बघितलंच नव्हतं.

तिला उत्तर देता आलं नाही. ''सर, मी पण केलंय की,'' एवढंच म्हणाली. याला पुरावा म्हणत नाहीत, हे तिलाही कळत होतं.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यातल्या किती जणांकडं स्वतःचा लॅपटॉप असतो? एका मशिनवर तिघं-चौघं काम करणं आपल्याकडं नवीन नाही. म्हणून आज गिट लॉगबद्दल बोलू. तो काय दाखवतो, काय लपवतो आणि आपल्याला हवं ते त्याला दाखवायला कसं लावायचं? (कमांड इथं उच्चाराप्रमाणे दिल्यात. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरा.)

लॉग म्हणजे बायलाइन

गिट हे कोडमधल्या प्रत्येक बदलाची वही ठेवणारं सॉफ्टवेअर. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलं. त्याच वर्षी जुलैपासून त्याची देखभाल जुनिओ हमानो करतात. तुम्ही बदल नोंदवला की त्याला कमिट म्हणतात. त्यात काय बदललं, कधी बदललं, का बदललं आणि कुणी बदललं, हे सगळं साठतं.

वर्तमानपत्रात बातमीवर ज्याचं नाव, त्याची ती बातमी. तसंच इथं. फरक एवढाच, की बातमीवर नाव टाकायला डेस्कवर माणूस असतो. गिटमध्ये तो माणूस तुम्हीच. सेटिंगमध्ये जे नाव लिहिलंय ते गिट निमूटपणे छापतं. कीबोर्डवर खरोखर कोण बसलंय, हे त्याला कळत नाही.

आणखी एक गंमत. प्रत्येक कमिटवर दोन नावं असतात : एक लिहिणाऱ्याचं, दुसरं नोंदवणाऱ्याचं. बहुतेक वेळा दोन्ही एकच असतात. साधा गिट लॉग फक्त लिहिणाऱ्याचं नाव दाखवतो. दोन्ही बघायची असतील तर गिट लॉगच्या पुढं --प्रीटी=फुलर असं जोडा. मैत्रिणीनं पाठवलेला पॅच तुम्ही नीट गिटच्या पद्धतीनं जोडलात, तर लिहिणारी ती आणि नोंदवणारी तुम्ही, असं दिसतं. पण तिनं पेन ड्राइव्हमध्ये फाइल दिली आणि तुम्ही ती कॉपी-पेस्ट करून कमिट केलीत, तर दोन्हीकडं तुमचंच नाव लागतं. तिचं नाव तिथंच पुसलं जातं.

दाखवायचं कसं, हे तुमच्या हातात

नुसता गिट लॉग टाइप केला की प्रत्येक कमिटचा चाळीस अक्षरांचा लांबलचक क्रमांक, नाव, तारीख आणि मेसेज अशी यादी पडते. दहा कमिट असतील तोवर ठीक. दोनशे झाली की डोळे फिरतात. (त्यातून बाहेर कसं पडायचं हा प्रत्येकाचा पहिला प्रश्न. क्यू दाबा.)

मग हे करून बघा.

गिट लॉग --वनलाइन : एका कमिटला एकच ओळ. घाईत बघायला बेस्ट.

गिट लॉग --वनलाइन --ग्राफ --ऑल : कुठली फांदी कुठून फुटली आणि कुठं येऊन मिळाली, ते रेघांनी काढून दाखवतो.

गिट लॉग --स्टॅट : कुठल्या फाइलमध्ये किती ओळी आल्या-गेल्या, तो हिशोब.

गिट लॉग --ऑथर=नाव : एकाच माणसाचं काम. याच्यासोबत --सिन्स आणि --अनटिल लावून तारखाही देता येतात.

पण खरी मजा पुढं आहे. ओळीत काय असावं आणि कुठल्या क्रमानं असावं, हेही तुम्ही ठरवू शकता. त्यासाठी --प्रीटी=फॉरमॅट: लिहून पुढं अवतरणचिन्हांत टक्क्याच्या खुणा द्यायच्या. टक्का आणि लहान एच म्हणजे कमिटचा छोटा क्रमांक. टक्का एडी म्हणजे तारीख. टक्का एआर म्हणजे 'तीन दिवसांपूर्वी' अशा प्रकारची तारीख. टक्का एस म्हणजे मेसेजची पहिली ओळ. टक्का एएन म्हणजे लिहिणाऱ्याचं नाव.

शिरडच्या मैत्रिणीनं आता लावलेली ओळ ही :

गिट लॉग --ग्राफ --डेट=शॉर्ट --प्रीटी=फॉरमॅट:'%एच %एडी %एएन : %एस'

एवढं रोज कोण टाइप करणार? म्हणून गिटला टोपणनाव शिकवायचं. गिट कॉन्फिग --ग्लोबल एलियस.एलजी, आणि पुढं लॉग या शब्दापासूनची ही सगळी ओळ अवतरणांत. त्यानंतर नुसतं गिट एलजी म्हटलं की काम झालं. ओळीच्या आत एकेरी अवतरण असल्यामुळे बाहेरून दुहेरी द्या, म्हणजे घोळ होणार नाही.

मराठी फाइल आणि आकड्यांचं कोडं

आपल्या ॲपमध्ये भावाच्या फाइलचं नाव होतं मराठीत : हळद. गिट लॉगला --स्टॅट लावलं, तर नावाच्या जागी उलट्या तिरक्या रेघा आणि नऊ आकडे. ३४०, २४४, २७१ असं काहीतरी. दोघींना वाटलं फाइल खराब झाली.

फाइलला काही झालेलं नव्हतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एका अक्षराला तीन बाइट लागतात. हळदची तीन अक्षरं, म्हणून नऊ बाइट. इंग्रजीबाहेरची अक्षरं फाइलच्या नावात दिसली की गिट मूळ सेटिंगनुसार ती आकड्यांत छापतं. उपाय एका ओळीचा आहे : गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स. मग हळद हळदच दिसते. कमिटचा मेसेज आणि तुमचं नावही बिनधास्त मराठीत लिहा, गिटला चालतं.

नाव दुरुस्त करायचं तर?

आता मुद्द्याचं. नाव चुकलेलं असेल तर काय करायचं? यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका.

पहिली : माणूस एक, नावं दोन. कॉलेजच्या लॅबमध्ये एक ईमेल, घरी दुसरा. लॉगमध्ये तुम्ही दोन माणसं होता. यासाठी प्रोजेक्टमध्ये .मेलमॅप नावाची फाइल ठेवायची. एका ओळीत खरं नाव, खरा ईमेल आणि मग जुना ईमेल. लिनक्सच्या प्रोजेक्टमध्येही अशी फाइल आहे. जुन्या नोंदीला धक्का लागत नाही, फक्त दाखवताना नाव बरोबर येतं. इथं एक मेख आहे. स्वतःची ओळ बनवताना टक्का एएनमधला एन लहान ठेवला तर ही फाइल बघितली जात नाही, मोठा एन लिहिला तरच बघितली जाते. म्हणून वरच्या ओळीत एन मोठाच लिहा.

दुसरी : नाव एक, माणसं दोन. म्हणजे आपल्या मैत्रिणीची केस. इथं मेलमॅप कामाचा नाही. तो दोन नावांचं एक करतो, एका नावाचे दोन करू शकत नाही. कुठलं कमिट कुणाचं, हे फक्त त्या दोघींनाच माहीत. इतिहास नव्यानं लिहिता येतो, पण मग पुढच्या सगळ्या कमिटचे क्रमांक बदलतात, दुसऱ्यांकडच्या प्रती जुळत नाहीत, आणि जमा केलेल्या प्रोजेक्टचा इतिहास नंतर बदलला तर तुमच्यावरच संशय येतो. त्यापेक्षा गिट नोट्स वापरा. जुन्या कमिटला हात न लावता त्याला चिठ्ठी चिकटवता येते : 'हा भाग अमुकनं लिहिला.' साध्या गिट लॉगमध्ये ही चिठ्ठी आपोआप खाली दिसते.

पण --वनलाइन लावलं की चिठ्ठी गायब! स्वतःची फॉरमॅट ओळ वापरली तरीही गायब, त्यात टक्का आणि मोठा एन मुद्दाम लिहीपर्यंत. शिवाय नोट्स साध्या पुशबरोबर सर्व्हरवर जात नाहीत, त्या वेगळ्या पाठवाव्या लागतात. बघा, माहिती तीच आहे, पण कसं बघताय यावर कुणाचं नाव दिसतं आणि कुणाचं नाही, हे ठरतं.

तिसरी : काम खरोखर दोघांनी शेजारी बसून केलंय. मग मेसेजच्या शेवटी एक ओळ सोडून को-ऑथर्ड-बाय असं लिहा, पुढं जोडीदाराचं नाव आणि ईमेल. गिटहब दोघांचीही नावं दाखवतं. फक्त लक्षात ठेवा, गिट शॉर्टलॉग -एसएन ही कुणाची किती कमिट ते मोजणारी कमांड एरवी लिहिणाऱ्यालाच मोजते. जोडीदाराला मोजायचं तर तिला --ग्रुप=ट्रेलर:को-ऑथर्ड-बाय असं सांगावं लागतं.

शेजारी काय चाललंय बघा

'एवढं कशाला, आपला प्रोजेक्ट कोण बघणार?' असं वाटतंय? मग शिरड शहापूरच्या शेजारी बघा. याच औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया उभं राहतंय. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आणि गुरुत्वीय लहरी पकडायचं काम. केंद्रीय मंत्रिमंडळानं फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली, खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. पुण्याचं आयुका हे यातल्या प्रमुख संस्थांपैकी एक.

अमेरिकेतल्या लायगोच्या दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर पकडली. यंत्रानं दिलेल्या आकड्यांच्या गोंगाटातून ती शोधायला सॉफ्टवेअर लागतं. त्यातलंच एक पायसीबीसी. त्याचा कोड खुला आहे. कुणीही उतरवून घ्यावा आणि गिट लॉग मारावा. वेगवेगळ्या देशांतली माणसं, कुणी मोठं काम केलंय, कुणी एका ओळीची चूक दुरुस्त केलीय, पण त्या एका ओळीवरही नाव आहे. आपल्या तालुक्यातलं हे काम उद्या आपल्यातल्याच कुणाच्या वाट्याला येऊ शकतं. तेव्हा 'मी पण केलंय की' म्हणायची वेळ येऊ नये.

लॉगवर डोळे झाकून विश्वासही ठेवू नका. लिनक्सचा गिट लॉग एप्रिल २००५ पासून सुरू होतो. लिनक्स मात्र १९९१ चं आहे. आधीच्या चौदा वर्षांतल्या माणसांनी काम केलं नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. वही उशिरा सुरू झाली, एवढंच. तसंच कमिटची संख्या जास्त म्हणजे काम जास्त, हेही खरं नाही. कुणी एका दिवसात वीस फुटकळ कमिट करतं, कुणी आठवडाभर डोकं खाजवून एक. शिक्षकांनीही हे लक्षात घेतलं तर बरं होईल.

आज रात्री एवढंच करा

आपल्या ग्रुप प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जा. गिट शॉर्टलॉग -एसएनई चालवा. नावं, ईमेल आणि कमिटची संख्या दिसेल. सगळ्यांची नावं आहेत का बघा. नसतील तर आजच ग्रुपमध्ये बोला, व्हायवाच्या आदल्या रात्री नको.

लॅपटॉप शेअर करत असाल तर कामाला बसण्याआधी दोन ओळी : गिट कॉन्फिग यूजर.नेम, पुढं तुमचं नाव. गिट कॉन्फिग यूजर.ईमेल, पुढं तुमचा ईमेल. मध्ये --ग्लोबल लिहू नका, म्हणजे बदल त्या एका प्रोजेक्टपुरताच राहील. दुसऱ्यानं बसताना त्यानं स्वतःचं टाकायचं. विसरून कमिट झालंच, तर पुढं काही करण्याआधी गिट कमिट --अमेंड --ऑथर वापरून ते शेवटचं कमिट दुरुस्त करता येतं.

शिरडच्या मैत्रिणीचं काय झालं? सरांनी तिला कोडमधलेच चार प्रश्न विचारले. तिनं उत्तरं दिली. मार्क मात्र रूममेटपेक्षा कमीच आले. रूममेटला ते तिच्याहून जास्त लागलं. त्या रविवारी दोघी बसल्या, जुनी कमिट एकेक करून बघितली आणि आठवेल तिथं नोट्स लावल्या. मार्क काही बदलले नाहीत.

नवीन सेमिस्टरला लॅपटॉप अजून तोच आहे. स्क्रीनच्या खालच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी चिकटवलीय : 'आधी नाव बदल.' परवा तिनं मला गिट एलजीचा फोटो पाठवला. ओळीआड एक नाव तिचं, एक रूममेटचं. खाली लिहिलं होतं, ''बघ, आता दिसायलीय मी.''