अर्ध्या गुणाची गाडी

"अगं, नवीकोरी गाडी आणि तू ती मुद्दाम मळवतेस?"

चहाचा कप हातात घेऊन आमचे हे माझ्या पाठीशी उभे होते. मी नाकावर चष्मा, तोंडावर मास्क आणि हातात मुलीचा जुना आयलायनरचा ब्रश घेऊन बसले होते. समोर जेमतेम दहा सेंटिमीटर लांबीची, रेझिनची रेसिंग कार. तिच्या टायरना मी काळपट धूळ लावत होते.

खरं तर हा उद्योग माझा नाहीच. मुलीने वाढदिवसाला ही गाडी दिली. सासूबाई जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. सहा वर्षं त्या अंथरुणावर होत्या. संध्याकाळी सात ते नऊ त्यांचं ड्रेसिंग, औषधं, भरवणं. ते संपलं आणि रोजचे दोन तास रिकामे झाले. टीव्हीसमोर बसलं तरी नजर घड्याळाकडे आणि हात रिकामेच. मुलगी म्हणाली, "आई, तुझ्या हातांना काहीतरी काम हवंय. आणि ही गाडी कुणाची आहे ते आधी ऐक."

गाडी होती लेला लोम्बार्दीची. इटलीतली ही मुलगी १९४१ची. घरच्या मांसाच्या दुकानाची डिलिव्हरी व्हॅन चालवता चालवता थेट फॉर्म्युला वनपर्यंत पोचली. २७ एप्रिल १९७५ला बार्सिलोनाच्या माँटज्युइक पार्कमधल्या शर्यतीत 'मार्च ७५१' ही गाडी घेऊन ती सहावी आली. सहाव्या क्रमांकाला एक गुण मिळायचा, तिला मिळाला अर्धा. फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेत गुण मिळवणारी ती आजवरची एकमेव स्त्री!

पहिले काही दिवस गाडी शोकेसमध्ये चकचकीत बसून होती. मग वाटायला लागलं, ही तर खेळण्यासारखी दिसते. शर्यत केलेली गाडी अशी असते का?

एका त्रेचाळीसांश मापाची ही गाडी. म्हणजे खऱ्या गाडीतला एक मीटर इथे साधारण तेवीस मिलिमीटर. खरा सीटबेल्ट तीन इंच रुंद, तो इथे पावणेदोन मिलिमीटर भरतो. आमच्या गाडीत पट्टे नुसते रंगवलेले होते. खरे कशाचे करायचे? औषधांचा खण उघडला, तर सासूबाईंच्या ड्रेसिंगची मायक्रोपोर टेप तशीच होती. टाकवली नव्हती. त्या टेपला कापडासारखा पोत असतो. पट्ट्या कापल्या, रंगवल्या, चिमट्याने सीटवर बसवल्या आणि पुन्हा एकदा त्या टेपचं टोक सोडवताना हात जरासा थांबला.

इंजिन आठ सिलिंडरचं, म्हणून स्पार्क प्लगच्या वायरीही आठ. बिघडलेल्या इअरफोनच्या वायरीतल्या तांब्याच्या बारीक तारा तिथे चपखल बसल्या. एक्झॉस्टच्या नळ्यांची तोंडं बंद होती, ती बारीक हातड्रिलने हळूहळू पोकळ केली. रेझिन ठिसूळ असतं, जोर केला की तुकडा उडतो. टायरची चमक बारीक पॉलिशपेपरने घालवली. काळ्याभोर रंगाऐवजी गडद राखाडी दिला, कारण इतक्या लहान वस्तूवर शुद्ध काळा खोटा वाटतो.

चुकाही झाल्या. पुढची छोटी पारदर्शक काच झटपट चिकटणाऱ्या गोंदाने लावली, तर तिच्यावर पांढरी वाफ धरली. ती पुसून, पॉलिश करून साध्या फेविकॉलने चिकटवली. तो वाळला की पारदर्शक होतो.

मोठी चूक पुढे झाली. उत्साहाच्या भरात मी एवढा मळ फासला, की गाडी ऐन पावसात कशेडी घाट उतरून आल्यासारखी दिसायला लागली. यांचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर होतं. मग मुलीने दाखवलेले त्या दिवसाचे फोटो नीट बघितले, माहिती वाचली.

माँटज्युइकचा रस्ता पार्कमधला, डांबरी. चिखल नव्हताच. कडेच्या लोखंडी कठड्यांचे बोल्ट नीट आवळलेले नाहीत म्हणून चालक आधीच चिडले होते. एमर्सन फिटीपाल्डीने निषेध म्हणून शर्यत सोडली. सव्विसाव्या फेरीत सगळ्यांत पुढे असलेल्या रोल्फ स्टोमेलेनच्या गाडीची मागची विंग तुटली. गाडी कठड्यापलीकडे गेली, माणसं गेली. ७५ फेऱ्यांची शर्यत २९ फेऱ्यांवर थांबवली, आणि म्हणून सगळ्यांनाच निम्मे गुण.

हे वाचलं आणि ब्रश खाली ठेवला. ज्या विक्रमाचं मला कौतुक वाटत होतं, त्याच्या शेजारी एवढं दुःख उभं होतं. त्या गाडीवर शंभर-सव्वाशे किलोमीटरचाच मळ असणार. ओल्या इअरबडने बराचसा पुसून टाकला. चाकांजवळ ब्रेकची धूळ, एक्झॉस्टमागे थोडी काजळी, एवढंच ठेवलं. खरेपणा म्हणजे जे घडलं तेवढंच दाखवणं, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

मैत्रिणींनो, करून बघणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. रेझिनची धूळ फुप्फुसांना घातक, म्हणून पॉलिशपेपर ओला करूनच घासा, मास्क लावा, आणि हे काम स्वयंपाकाच्या ओट्यावर नको. आणि रंग देण्याआधी खऱ्या गाडीचे फोटो बघा, अंदाजाने जाऊ नका.

लेला १९९२मध्ये गेली, पन्नाशीतच. तिच्या नावापुढे आजही अर्धाच गुण आहे. कुणी त्याला नशीब म्हणतं, कुणी अपघात. मला वाटतं, त्या दिवशी आपल्या हातात होतं तेवढं तिने केलं. गाडी शेवटपर्यंत रस्त्यावर ठेवली.

परवा गाडी पूर्ण झाली. हे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आता ही कुठूनतरी आल्यासारखी वाटते."

टेपचा रीळ अजून अर्धा उरलाय. तो मी औषधांच्या खणातून काढून रंगांच्या डब्यात ठेवला आहे.