पायलट व्हायचंय? आधी डोळे तपासा, मग दोनशे तास आणि पन्नास लाखांचा हिशेब मांडा

पिंपळनेरहून साक्रीमार्गे धुळे साधारण ऐंशी किलोमीटर. तिथे गोंदूरच्या विमानतळावरून रोज छोटी विमाने उडतात आणि उतरतात, पण त्यात तिकीट काढून बसणारा एकही प्रवासी नसतो. ही विमाने शिकाऊ वैमानिकांची. मुंबईचे जुहू विमानतळ शिकाऊ उड्डाणांसाठी अपुरे पडू लागले, तेव्हा १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबने प्रत्यक्ष उड्डाणाचे शिक्षण धुळ्याला आणले. शिरपूरला एसव्हीकेएम संस्थेची विमानचालन अकादमी आहे, तिची स्वतःची धावपट्टी आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २०२१ मध्ये नव्या प्रशिक्षण संस्थांसाठी देशातील पाच विमानतळे निवडली. बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि आसाममधील लीलाबारी यांच्या जोडीला त्यात जळगावही होते.

म्हणजे वैमानिक घडवण्याची सोय खान्देशात तीन ठिकाणी आहे. त्याची कारणेही साधी आहेत. इथे प्रवासी विमानांची गर्दी नाही, वर्षातले बरेच महिने आकाश मोकळे असते आणि खाली सपाट माळ आहे. तरीही साक्री तालुक्यातल्या एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात बारावीनंतर काय करणार असे विचारले, तर इंजिनिअरिंग, नर्सिंग, पोलीस भरती हीच उत्तरे येतात. पायलटचे नाव निघालेच तर पुढचा शब्द ‘पैसा’ असतो. पैशाचा भाग खरा आहे आणि त्याकडे आपण येऊच. पण पैशाआधी दोन दारे आहेत, आणि बरेच जण ती न उघडताच फी भरून बसतात.

पहिले दार डॉक्टरांचे

बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित हवे, ही सध्याची अट. कला किंवा वाणिज्य शाखेतून बारावी झालेल्यांनी हे दोन विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून देऊन अट पूर्ण केल्याची उदाहरणे आहेत. २०२५ मध्ये ही अट सैल करण्याचा प्रस्ताव चर्चेत आला, पण चर्चेच्या भरवशावर अकरावीचे विषय निवडू नयेत. शिकाऊ परवाना सोळाव्या वर्षी मिळू शकतो. व्यावसायिक परवान्यासाठी, म्हणजे ज्याला सगळे सीपीएल म्हणतात त्यासाठी, वय १८ पूर्ण हवे.

यानंतर कुठल्याही संस्थेच्या प्रवेश खिडकीपाशी जाण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, यांनी नेमलेल्या डॉक्टरांकडे आधी वर्ग दोनची आणि मग वर्ग एकची तपासणी होते. चष्मा असला म्हणून कोणी बाद होत नाही. चष्म्याने दृष्टी ठरलेल्या मापात येत असेल तर चालते. रंगांधळेपणा ही मात्र मोठी अडचण आहे, आणि तो ज्याला असतो त्याला बहुधा ठाऊकच नसतो, कारण कांद्याची पात आणि लाल मिरची ओळखायला त्याला कधी त्रास झालेला नसतो. कान, हृदय, रक्तदाब, जुन्या शस्त्रक्रिया हे सगळे पाहिले जाते. पाच-दहा हजारांत कळणारी गोष्ट दहा-पंधरा लाख भरल्यावर कळावी, यासारखे दुर्दैव नाही. परवाना मिळाल्यावरही ही तपासणी सुटत नाही. चाळिशीच्या आत ती दरवर्षी, आणि नोकरी त्यावरच अवलंबून.

दुसरे दार पुस्तकांचे

उड्डाण हा अभ्यासाचा निम्मा भाग. उरलेला निम्मा टेबलावर होतो. हवाई नियम, दिशादर्शन, विमान हवामानशास्त्र, सर्वसाधारण तांत्रिक आणि विशिष्ट विमानाचे तांत्रिक, असे डीजीसीएचे पाच पेपर आहेत. प्रत्येकात किमान ७० टक्के गुण हवेत. जोडीला रेडिओ संभाषणाचा परवाना. ही परीक्षा अनेक वर्षे दूरसंचार विभाग घेत असे. १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आणि हे काम डीजीसीएकडे आले.

आपल्याकडच्या मुलांना खरी भीती इंग्रजीची वाटते. ती थोडी अनाठायी आहे. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीच्या सहा पातळ्यांपैकी चौथी पातळी गाठावी लागते. तिथे उच्चार लंडनचा आहे का हे पाहत नाहीत. ऐकलेले नीट समजते का आणि बोललेले समोरच्याला कळते का, हे पाहतात. दिशादर्शनाचा पेपर मात्र भल्याभल्यांना दोन-तीनदा द्यावा लागतो, कारण त्यात वारा, वेग, वेळ आणि इंधन यांचे गणित घड्याळ लावून करायचे असते. पेपर आधी काढून मग उड्डाणाला जाणारा विद्यार्थी पैसे आणि महिने दोन्ही वाचवतो, असे या क्षेत्रात सर्रास सांगितले जाते. हा सल्ला ऐकण्यासारखा आहे. पेपरांची तयारी घरी बसूनही करता येते, आणि पाचपैकी तीन पेपर सुटले नाहीत तर पुढचा खर्च थांबवण्याची संधी हातात राहते.

दोनशे तासांत काय होते

परवान्यासाठी एकूण २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातले किमान १०० तास विमानाचे प्रमुख म्हणून, म्हणजे निर्णय तुमचा आणि जबाबदारीही तुमची. दूर पल्ल्याची किमान २० तासांची उड्डाणे करावी लागतात. त्यात एक फेरी ३०० सागरी मैलांची, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरची असते आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबा घेऊन उतरायचे असते. बाहेर न पाहता केवळ उपकरणांच्या आधाराने उडवण्याचे १० तास, त्यापैकी ५ सिम्युलेटरवर चालतात. रात्रीचे ५ तास, दहा उड्डाणे आणि दहा उतरणी.

कागदावर हे वर्षभराचे काम दिसते. प्रत्यक्षात दीड-दोन वर्षे जातात, कधी त्याहून जास्त. पावसाळ्यात ढग खाली येतात. मे महिन्यात खान्देशातली तापलेली हवा विरळ होते, विमानाला धावपट्टी जास्त लागते आणि दुपारचे धक्के शिकाऊ हातांना झेपत नाहीत. पण या दोन्हींपेक्षा मोठे कारण जमिनीवरचे असते: एखादे विमान दुरुस्तीसाठी उभे, प्रशिक्षक नोकरी सोडून विमान कंपनीत गेलेला, इंजिनाचा सुटा भाग परदेशातून यायचा. रांगेतला विद्यार्थी वसतिगृहात बसून राहतो आणि खानावळीचे बिल चालू राहते.

म्हणूनच संस्था निवडताना माहितीपत्रकातल्या निळ्या आकाशापेक्षा साधे प्रश्न उपयोगी पडतात. आज उडण्याच्या अवस्थेत किती विमाने आहेत? प्रशिक्षक किती आणि विद्यार्थी किती? मागच्या तुकडीला २०० तास पूर्ण करायला किती महिने लागले? फी टप्प्याटप्प्याने घेता की एकरकमी? डीजीसीए आता प्रशिक्षण संस्थांची वर्षातून दोनदा श्रेणी जाहीर करते. २०२५ मधल्या पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत देशातली एकही संस्था बसली नाही. पालकांनी ही यादी पाहूनच पुढचे पाऊल टाकावे.

धोक्याविषयी न बोलता हा विषय पुरा होत नाही. १६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यात वर्डी शिवारात, सातपुड्याच्या पायथ्याशी एक प्रशिक्षण विमान कोसळले. प्रशिक्षक जागीच गेले, शिकाऊ तरुणी गंभीर जखमी झाली. रस्ता नसलेल्या त्या जागेवरून स्थानिक आदिवासी बांधवांनी साडीची झोळी करून तिला खाली आणले. संस्थेला भेट द्याल तेव्हा सुरक्षा अधिकारी कोण, हवामान वाईट असताना उड्डाण रद्द करण्याचा अधिकार कोणाला, हे विचारायला संकोच नको.

पन्नास लाख आणायचे कुठून

भारतात सीपीएलचा खर्च सध्या साधारण ४५ ते ६५ लाखांच्या घरात जातो. राहणे, परीक्षा, वाढीव तास धरले की आकडा वरच्या टोकाकडे सरकतो. परवाना हातात आला तरी एअरबस किंवा बोइंग उडवता येत नाही. त्या विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण, ज्याला टाइप रेटिंग म्हणतात, त्याला आणखी १५-२० लाख लागू शकतात. विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांत हे सगळे एकत्र मिळते, पण बेरीज कोटीच्या आसपास किंवा पुढे जाते.

पन्नास लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतले, तर हप्ता महिन्याला सुमारे ६६ हजार बसतो. नोकरीची वाट पाहण्यात गेलेले प्रत्येक वर्ष जवळपास पाच लाखांचे व्याज वाढवते.

ग्रामीण घराची अडचण वेगळीच आहे. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागतात आणि आपल्याकडे तारण म्हणजे शेती. पण कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. म्हणून अनेक बँका तिला तारण मानायला नाखूश असतात. पिंपळनेरच्या पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी कुटुंबांची जमीन तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ मुळे बिगर-आदिवासींकडे सहजी जाऊच शकत नाही. हे संरक्षण योग्यच आहे. पण त्यामुळे दहा एकर असलेला बापही बँकेच्या टेबलावर रिकामा ठरतो, आणि धुळ्यातल्या एका फ्लॅटचा मालक भरलेला.

मग उरतात सरकारी वाटा. रायबरेलीजवळ फुरसतगंज येथे इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी आहे. केंद्र सरकारची संस्था असल्याने अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींसाठी तिथे राखीव जागा आहेत. प्रवेश परीक्षा आणि मुलाखतीतून निवड होते. फी तिथेही लाखांतच आहे, पण शिक्षणाची शिस्त नावाजलेली. केंद्राच्या उच्च श्रेणी शिक्षण योजनेत यादीतील संस्थांत शिकणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना खासगी फ्लाइंग क्लबच्या फीसाठी वर्षाला ३ लाख ७२ हजारांपर्यंत मदत आहे, ओबीसींसाठी पीएम-यशस्वीत तशीच तरतूद आहे. एकूण खर्चापुढे ही रक्कम तोकडी, हे सांगायलाच हवे. राज्याच्या महाज्योती संस्थेने ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातील निवडक विद्यार्थ्यांना नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत वैमानिक करण्याची योजना आणली. तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावे. आदिवासी विद्यार्थ्यांनी धुळ्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात लेखी अर्ज करून चालू योजना विचाराव्यात. तोंडी उत्तरावर परत फिरू नये.

एक वाट पूर्ण बिनपैशाची आहे आणि तिचा उल्लेख पायलटच्या जाहिरातींत कधीच नसतो. एनडीएतून हवाई दलात गेलात तर उड्डाण सरकार शिकवते, वर वेतन देते. मुलींनाही हे दार २०२१ च्या परीक्षेपासून उघडले आहे. तयारीसाठी छत्रपती संभाजीनगरला मुलांची आणि नाशिकला मुलींची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था राज्य सरकार चालवते. तिथली निवड दहावीनंतरच होते, म्हणजे बारावीत जाग आली तर उशीर झालेला असतो.

नोकरी मिळते का?

मिळते, पण लगेच मिळेलच असे नाही. डीजीसीएने २०१९ मध्ये ७४४, २०२२ मध्ये १,१६५, २०२३ मध्ये १,६२२ आणि २०२४ मध्ये १,३४२ व्यावसायिक परवाने दिले. भारतीय कंपन्यांनी मागवलेली विमाने सतराशेच्या आसपास आहेत आणि त्यांना येत्या दहा-पंधरा वर्षांत तीस हजार वैमानिक लागतील, असे केंद्र सरकार सांगते. दोन्ही आकडे खरे धरले तरी मधली पोकळी समजून घ्यावी लागते. कंपन्यांना तुटवडा जाणवतो तो कॅप्टनचा. दोनशे तासांच्या नवख्यांची रांग मात्र लांब आहे. कॅप्टन होण्यासाठी वरचा परवाना लागतो आणि त्याला १,५०० तास हवेत. ते तास मुख्यतः सह-वैमानिकाच्या खुर्चीवर मिळतात.

या धंद्याला झटकेही बसतात. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये जमिनीवर आली. प्रत्येक वेळी अनुभवी वैमानिक बाजारात आले आणि नवख्यांची रांग मागे सरकली. उलट डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पाळताना इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा माणसे किती कमी आहेत हे देशाने पाहिले.

सह-वैमानिकाचा सुरुवातीचा पगार साधारण दीड-दोन लाखांच्या आसपास असतो, कंपनी आणि विमानानुसार तो बदलतो. मोठ्या विमानाचाच हट्ट नसेल तर एटीआरसारखी पंख्याची विमाने उडवणाऱ्या प्रादेशिक कंपन्या आहेत. फ्लाय-९१ कंपनीची एटीआर जळगावला येतात. अनेक जण प्रशिक्षक होऊन तास वाढवतात. त्या कामाचा पगार कमी असतो, पण वाट पाहण्याच्या काळात हात मोडत नाही आणि वैद्यकीय प्रमाणपत्र, परवाना दोन्ही जिवंत राहतात.

आणि ‘दहावी पास, आठवड्यात पायलट व्हा’ अशी पाटी दिसली तर ती ड्रोनची आहे. फवारणीच्या ड्रोनसाठीचे ते प्रमाणपत्र आपल्या शिवारात उपयोगाचेच, पण त्याचा विमानाच्या परवान्याशी काही संबंध नाही आणि ते घेऊन कोणतीही विमान कंपनी दारात उभे करणार नाही.