यदृच्छेने रंगलेली खिडकी
जर्मनीतील कोलोन येथील कॅथेड्रलच्या दक्षिण बाजूच्या मोठ्या खिडकीची रंगीत काच दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाली. २००७ साली तेथे चित्रकार गेरहार्ड रिश्टर यांनी योजलेली नवी काच बसली. तीत संतांची चित्रे नाहीत. ७२ रंगांचे ११,२६३ चौकोन आहेत. कोणता रंग कोठे यावा, हे संगणकाने यदृच्छेने ठरवले. काही पट्टे मात्र एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे आहेत.

यदृच्छेने रंग सारखे पसरतात, असे तुम्हांला वाटते का? चौकटींच्या कागदावर फासा टाकून सहा रंग भरून पाहा. फाशाला मागचे दान आठवत नाही. त्यामुळे शेजारी तोच रंग येण्याची शक्यता प्रत्येक वेळी सहात एक असते आणि जागोजागी एकाच रंगाचे पुंजके दिसतात.