पोर्शेला चिलखत, लॅम्बोर्गिनीला टरेट

स्पोर्ट्स कारचं किट घ्यायचं, छप्पर करवतीने उतरवायचं, वर टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, बसवायचा, खाली ट्रकची चाकं लावायची आणि जगातल्या कुठल्याही सैन्यात नसलेली गाडी टेबलावर उभी करायची, असा हा उद्योग. दोन-तीन किटांची मोडतोड करून भलतंच काही घडवण्याच्या या प्रकाराला आमच्या मॉडेलवाल्या जमातीत ‘किटबॅशिंग’ म्हणतात. मी तो करतो बनारसच्या बालाजी घाटावर. पेशव्यांनी बांधलेला हा घाट पंचगंगा घाटाच्या शेजारीच. इथल्या बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ रियाजाला बसायचे, ही त्याची खरी ख्याती. मागच्या गल्ल्यांत, जिथे आम्ही मराठी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या राहतो, तिथे चारचाकी शिरतच नाही. स्कूटर येते, पण समोरून सांड आला की तिलाही मागे सरावं लागतं.

लोकांना वाटतं, गाडी काल्पनिकच आहे म्हटल्यावर काहीही चिकटवलं तरी खपतं. खऱ्या रणगाड्याच्या मॉडेलवर कोणी शंका काढली तर फोटो दाखवून त्याचं तोंड बंद करता येतं. काल्पनिक गाडीच्या बाजूने साक्ष द्यायला कोणी नसतं. तिला तिचा हिशेबच वाचवतो: इंजिन कुठे आहे, वजन कुठे पडतं, माणूस बसतो कुठे.

पस्तिसाचं गुपित

पहिली अडचण मापाची. गाड्यांची किटं बहुतेक 1/24 मापात मिळतात, लष्करी किटं 1/35 मध्ये. पोर्शे 911 साधारण 4.3 मीटर लांब. ती 1/24 मध्ये अठरा सेंटिमीटर होते, 1/35 मध्ये सव्वाबारा. पावणेसहा फुटी सैनिक एका मापात सव्वासात सेंटिमीटरचा, दुसऱ्यात पाचच. म्हणून 1/35 चा तयार टरेट उचलून 1/24 च्या पोर्शेवर ठेवला, तर आत पोरगंसुद्धा मावणार नाही.

हा पस्तिसाचा विचित्र आकडा कुठल्या लष्करी नियमातून आलेला नाही. जपानमधल्या शिझुओकाची तामिया कंपनी मुळात लाकडाच्या धंद्यातली. आधी ती लाकडी मॉडेलं करायची, मग प्लॅस्टिककडे वळली. 1961 मध्ये तिने पँथर रणगाड्याचं मोटारवर चालणारं मॉडेल काढलं. आत मोटार आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, या हिशेबाने बाहेरचा सांगाडा ठरला. मग मोजून पाहिलं तर माप निघालं 1/35. पुढे बाकीच्या कंपन्यांनीही तेच उचललं. आज जगभरचे हौशी ज्या मापावरून हमरीतुमरीवर येतात, ते बॅटरीने ठरवलेलं आहे.

पोर्शे खोलली, जोडणार कोण?

याच तामियाचा दुसरा किस्सा आमच्यात पुन्हापुन्हा सांगितला जातो. सत्तरच्या दशकात त्यांना पोर्शे 934 चं मॉडेल करायचं होतं. कंपनीचे कर्तेधर्ते शुनसाकू तामिया माहितीसाठी जर्मनीला जाऊन आले, तरी समाधान होईना. शेवटी कंपनीने खरीखुरी 911 विकत घेतली आणि त्यांनी ती पार नटबोल्टांपर्यंत खोलली. पुन्हा जोडायला मात्र पोर्शेच्याच मेकॅनिकना बोलवावं लागलं. ज्या मॉडेलसाठी हा खटाटोप केला, त्यावरून 1976 मध्ये त्यांची रेडिओ कंट्रोलवर चालणारी पहिली मोटार निघाली.

आणि लष्करी पोर्शे निव्वळ आमच्या डोक्यातली नाही बरं का! 1950 च्या दशकात पश्चिम जर्मनीच्या सैन्याला हलकी गाडी हवी होती, तेव्हा पोर्शेने आपल्या 356 स्पोर्ट्स कारचं इंजिन घालून ‘टाइप 597’ बनवली. ती पाण्यावर तरंगायचीही. पण महाग पडली आणि कंत्राट डीकेडब्ल्यू कंपनीच्या ‘मुंगा’ गाडीला गेलं.

लॅम्बोर्गिनीच्या चित्त्याचं दुखणं

यातला सगळ्यात बोलका किस्सा लॅम्बोर्गिनीचा. 1977 च्या जिनिव्हा प्रदर्शनात तिने ‘चीता’ नावाची लष्करी गाडी मांडली. डोळा अमेरिकी सैन्याच्या कंत्राटावर. इंजिन क्रायस्लरचं, 5.9 लिटरचं व्ही-8, आणि बसवलं मागे. त्या वजनाने गाडीचा तोल बिघडला, ती चालवायला अवघड झाली. शिवाय दुसऱ्या एका अमेरिकी कंपनीने नक्कल केल्याचा आरोप केला. चीता नमुन्यापलीकडे गेली नाही. पुढे लॅम्बोर्गिनीने इंजिन पुढे आणलं, त्यात आपल्या ‘काउन्टाश’ स्पोर्ट्स कारचं व्ही-12 बसवलं, आणि 1986 मध्ये एलएम002 विक्रीला आली. लोकांनी तिला ‘रॅम्बो लॅम्बो’ म्हटलं. पेट्रोलची टाकी जवळजवळ 290 लिटरची! यावरून तिची भूक समजावी.

चीताचा हा धडा आम्हाला रोज उपयोगी पडतो. 911 चं इंजिन आधीच मागे. त्यात टरेटही मागच्या बाजूला ठेवला तर नाक वर उचललं जाईल. म्हणून मी तो पुढे सरकवतो आणि दारूगोळा नाकात, म्हणजे मूळ गाडीत सामान ठेवतात तिथे भरतो. जुन्या 911 चं इंजिन वाऱ्यावर थंड होतं. मागची जाळी चिलखताने बंद केली तर ते दहा मिनिटांत भाजून निघेल. मग तिथे तिरक्या पट्ट्या बसवाव्या लागतात. वारा आत जावा आणि गोळी जाऊ नये, अशा बेताने. त्या पट्ट्यांसाठी मुदत संपलेली एटीएम कार्डं उत्तम. कार्डाची जाडी 0.76 मिलिमीटर असते. चोविसाने गुणा: अठरा मिलिमीटरचं चिलखत झालं. हलक्या चिलखती गाडीला तेवढं पुरे.

नगरची रोल्स रॉइस

कोणी म्हणेल, हे सगळे परदेशातले चोचले. त्याने अहिल्यानगरच्या, म्हणजे आपल्या जुन्या नगरच्या, कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जावं. तिथे रोल्स रॉइसच्या सिल्व्हर घोस्टवर उभी केलेली चिलखती गाडी आहे. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा ब्रिटिशांनी त्या काळातल्या या अत्यंत महागड्या मोटारीची ऐटबाज बॉडी काढून टाकली आणि तिच्या चॅसीवर पोलाद व मशीनगनचा टरेट चढवला. वजन वाढलं तसे पाटे भक्कम केले, मागची चाकं जोडीने लावली. आपल्या छंदाची मूळ कल्पना शोधायची तर ती इथे आहे. नवख्यांनी टरेटचा फोटो काढून लगेच पुढच्या रणगाड्याकडे पळू नये. गाडीच्या मागच्या चाकांशी उकिडवं बसावं. वाढलेलं ओझं कुठे जाणवलं आणि त्यावर उपाय काय केला, ते तिथे दिसतं.

घाटावरचा माल

जपानच्या को योकोयामा यांनी 1982 पासून ‘हॉबी जपान’ मासिकात काल्पनिक युद्धयंत्रांची मॉडेलं दाखवायला सुरुवात केली. पिंगपाँगचे चेंडू आणि उरलेसुरले किटचे भाग वापरून केलेली ती यंत्रं लढाईतून परतल्यासारखी वाटतात, कारण त्यांच्यावर पोचे आहेत, डागडुजी आहे, धूळ आहे.

धुळीच्या बाबतीत बनारसचा हात कोणी धरणार नाही. पावसाळ्यात गंगा चढते आणि उतरताना पायऱ्यांवर गाळ सोडून जाते. पाण्याच्या फवाऱ्यांनी घाट धुवायला घेतात, त्याआधी मी डबाभर गाळ भरून आणतो. वाळवायचा, मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळायचा. तो इतका तलम होतो, की 1/24 च्या चाकावरही ढेकूळ दिसत नाही. स्पिरिटमध्ये कालवून तो चाकांच्या कमानीत सोडायचा आणि सुकला की ब्रशने झटकायचा.

चाकं पुरवतो खोजवाँचा लेथवाला. बनारसची लाखेची लाकडी खेळणी त्याच भागात घडतात. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली, की घर्षणाच्या उष्णतेने रंग वितळून चढतो आणि केवड्याच्या पानाने चकाकी येते. मी चाकं घेतो ती कोरी, लाखेविना. त्यावर तो हमखास कुरकुरतो, “भैया, चमक के बिना खिलौना कैसा?” युद्धातून आलेली गाडी चमकत नसते, हे त्याला अजून पटलेलं नाही.

आमच्या वाड्यातले एक काका तयार गाडी बघायला आवर्जून येतात. मागच्या वेळी त्यांनी लॅम्बोर्गिनीवर बेतलेली चिलखती गाडी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि टरेटकडे ढुंकूनही न पाहता विचारलं, “अ‍ॅव्हरेज किती देते रे?”

“लिटरला दोन-तीन, काका.”

“तरीच मागे एवढे डबे बांधलेस,” म्हणत त्यांनी गाडी जागेवर ठेवली. दाद याहून वेगळी काय असणार?