ऑनलाइन ग्रंथालय आपोआप चालत नाही

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात छापील ग्रंथ आला की तो दाखल नोंदवहीत चढतो, त्याचे वर्गीकरण होते, पाठीवर क्रमांक चिकटतो आणि मग तो वर्षानुवर्षे कपाटात राहतो. ऑनलाइन साधनांचे काम याहूनही सोपे असणार, वर्गणी भरली आणि संकेतस्थळावर दुवा टाकला की ग्रंथपाल मोकळा, अशी समजूत संस्थाचालकांप्रमाणे अध्यापकांतही रूढ आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. छापील ग्रंथावरचे बहुतेक काम तो कपाटात जाण्यापूर्वी उरकते, तर ऑनलाइन साधनावरचे बहुतेक काम ते वाचकासाठी खुले झाल्यावर सुरू होते आणि वर्गणी चालू असेपर्यंत, कधी कधी त्यानंतरही, संपत नाही.

एकदा दिलेला दुवा चालूच राहतो, हा यातला सर्वांत जुना आणि सर्वांत महाग पडणारा गैरसमज होय. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत दिलेले सुमारे निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत नेत नाहीत, असे हार्वर्डच्या अभ्यासकांना २०१४ मध्ये आढळले. २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपृष्ठांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उपलब्ध नव्हती, असे प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये नोंदवले. यात दोन वेगळे दोष एकत्र आलेले असतात. पहिला म्हणजे दुवा मरणे, ज्यात पृष्ठ सापडतच नाही. दुसरा म्हणजे मजकूर सरकणे, ज्यात पत्ता उघडतो पण त्याखाली भलतेच काही दिसते, उदाहरणार्थ एखाद्या बंद पडलेल्या संस्थेचे नाव जाहिरातदाराने विकत घेतलेले असते. दुवे तपासणारी संगणक-प्रणाली पहिला दोष पकडते, कारण सर्व्हर ‘४०४’ हा नकाराचा संकेतांक पाठवतो. दुसऱ्यात सर्व्हर सारे काही ठीक असल्याचे कळवतो आणि म्हणून तो माणसानेच पाहावा लागतो. मराठी वाचकाला परिचित उदाहरण मराठी विश्वकोशाचे आहे. त्याचा महाजालावरील पत्ता बदलत गेल्याने जुन्या प्रबंधांतील नुसते पत्ते कुचकामी ठरतात. ज्या संशोधकाने पत्त्यासोबत खंडाचा क्रमांक आणि नोंदीचे शीर्षक दिले असेल, त्याचा संदर्भ मात्र आजही सापडतो.

या दुखण्यावर उपाय म्हणून स्थायी अभिज्ञापक आले. स्थायी अभिज्ञापक म्हणजे लेखाच्या जागेला नव्हे, तर लेखालाच दिलेला क्रमांक, जो एका मध्यवर्ती नोंदणीतून लेखाच्या सध्याच्या पत्त्यावर पोहोचवतो. २००० पासून वापरात आलेला डीओआय हा त्याचा सर्वज्ञात प्रकार असून गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या प्रबंधसंग्रहातील प्रत्येक प्रबंधालाही असाच ‘हँडल’ क्रमांक असतो. मात्र डीओआय आहे म्हणजे लेख अमर झाला, ही नवी भाबडी समजूत आता पसरते आहे. क्रमांक स्थायी असतो. त्यामागचा पत्ता प्रकाशकाने वेळोवेळी दुरुस्त केला नाही, तर स्थायी क्रमांकही रिकाम्या जागी नेऊन सोडतो.

‘घरून उघडत नाही, म्हणजे वर्गणी संपली’ ही तक्रार ग्रंथपालांच्या रोजच्या ऐकण्यातली आहे. प्रकाशक वाचकाला ओळखत नाही, तो बहुधा संस्थेच्या जाळ्याचा आयपी क्रमांक ओळखतो. त्यामुळे आवारात बिनबोभाट उघडणारे नियतकालिक घरच्या जोडणीवर पैसे मागू लागते. यावर प्रॉक्सी सर्व्हर, म्हणजे वाचक आणि प्रकाशक यांच्यामध्ये उभा राहून वाचकाची विनंती संस्थेच्या नावाने पुढे पाठवणारा संगणक, हा एक मार्ग आहे. इन्फ्लिबनेटचा ‘इन्फेड’ हा प्रमाणीकरण-संघ हा दुसरा मार्ग होय, ज्यात वाचक आपल्याच संस्थेच्या लॉग-इनने आपली ओळख पटवतो. महाविद्यालयांसाठीच्या ‘एन-लिस्ट’ योजनेत तर प्रत्येक सभासदाला स्वतंत्र लॉग-इन मिळते आणि नवे विद्यार्थी जोडणे व शिक्षण संपवून गेलेल्यांची नावे काढणे हे काम दरवर्षी महाविद्यालयालाच करावे लागते. अध्यापक आवारात बसून ब्राउझरच्या पत्तापट्टीतला लांबलचक पत्ता उचलतात आणि विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतात. त्या पत्त्यात त्या बैठकीपुरताच टिकणारा संकेत गुंफलेला असू शकतो आणि तसा तो असला, की दुसऱ्या दिवशी दुवा कोणाकडेच उघडत नाही. अशा वेळी लेखाचा डीओआय ग्रंथालयाच्या प्रॉक्सी पत्त्याला जोडून पाठवला, तर बहुतेक तक्रारी उद्भवणारच नाहीत.

वर्गणी भरली म्हणजे मजकूर आपला झाला, हेही खरे नाही. छापील अंक विकत घेतल्यावर तो ग्रंथालयाच्या मालकीचा होतो, तर ऑनलाइन अंकाबाबत मिळतो तो परवाना. वर्गणी थांबल्यावर भरलेल्या वर्षांचे अंक तरी वाचता येणार की नाही, हे करारातील कलमावर ठरते. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये एल्सेव्हियरशी करार नाकारल्यावर नव्या लेखांचा प्रवेश बंद झाला. तरीही पूर्वी कायमच्या प्रवेशाचा हक्क मिळवलेला असल्याने जुन्यापैकी बहुतेक मजकूर वाचकांना मिळत राहिला आणि २०२१ मध्ये नवा करार होईपर्यंत विद्यापीठ तग धरू शकले. प्रकाशकच बुडाला तर काय, या प्रश्नासाठी स्टॅनफर्डमध्ये १९९९ साली सुरू झालेला ‘लॉक्स’ आणि त्यानंतरचा ‘पोर्टिको’ अशा जतनव्यवस्था आहेत. करारावर सही करण्यापूर्वी त्या नियतकालिकाची प्रत त्यांपैकी कोठे ठेवली जाते, एवढे विचारायला खर्च येत नाही, पण सहसा कोणी विचारत नाही.

कायद्याच्या बाजूनेही गोंधळ आहे. शैक्षणिक उपयोग असला की कोणतेही पुस्तक स्कॅन करून संकेतस्थळावर चढवता येते, असे मानले जाते. भारतीय प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडील छापील कृतीची अंकीय प्रत जतनासाठी ठेवण्याची मुभा दिली. जतनासाठी ठेवणे आणि जगाला वाटणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. साहित्यकृतीवरील हक्क सामान्यतः लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो आणि एखादे पान फुकट वाचता येते याचा अर्थ ते मुक्त परवान्याखाली आहे असा होत नाही. परवान्याचा भंग संस्थेला किती महागात पडतो, याची विद्यार्थ्यांना कल्पना नसते. एकाने परीक्षेच्या तोंडावर आज्ञावली लावून नियतकालिकाचे सारे खंड उतरवायला घेतले, तर प्रकाशक त्या आवाराचा संपूर्ण आयपी क्रमांक रोखू शकतो आणि एकाच्या हौसेपायी सर्वांचे वाचन थांबते.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके असून २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६ हजार कोटी रुपयांची तरतूद आहे. त्यामुळे महाविद्यालयाला आता स्वतःचे काही करायला नको, हा निष्कर्ष घाईचा आहे, कारण योजना केंद्र व राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे आणि खासगी विनाअनुदानित महाविद्यालय तीत गृहीत धरता येत नाही. शिवाय, तिचा भर नियतकालिकांवर आहे. क्रमिक पुस्तके, मराठी साधने आणि स्थानिक संग्रह यांची जुळवाजुळव ग्रंथालयालाच करावी लागते.

वापराच्या आकड्यांविषयी थोडक्यात एवढेच, की मोठा आकडा म्हणजे मोठे वाचन नव्हे. प्रकाशकांनी वापर कसा मोजावा याचे ‘काउंटर’ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार एकाच विद्यार्थ्याने एका बैठकीत एकच लेख आधी पडद्यावर वाचून मग पीडीएफ उतरवला, तर एकूण विनंत्या दोन, पण अनन्य विनंती एकच धरली जाते. ‘नॅक’च्या अहवालात पहिला आकडा भरला जात असेल, तर निदान तो कोणता आहे हे लिहावे.

शेवटचा गैरसमज खास मराठीचा आहे. प्रबंध शोधगंगेवर चढला म्हणजे तो शोधणाऱ्याला सापडेल, असे धरले जाते. पण अनेक मराठी प्रबंध युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले असतात, ज्यांत डोळ्यांना ‘ज्ञानेश्वर’ दिसते आणि संगणकाला मात्र रोमन अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक मालिका दिसते. अशा प्रबंधाचे शीर्षक सूचीत असते, आतला एकही शब्द शोधात येत नाही. शीर्षकात नसलेली गावे, व्यक्ती, बोलीतले शब्द हे सारे त्यामुळे शोधणाऱ्याच्या दृष्टीआड राहते, आणि त्यांच्यासाठीच तर पुढचा संशोधक त्या प्रबंधाकडे वळणार असतो. यावरचा उपाय ग्रंथपालाच्या नव्हे, संशोधकाच्या हातात आहे: प्रबंध सादर करण्यापूर्वी पीडीएफमधील एक ओळ उचलून कोऱ्या फाइलमध्ये साध्या मजकुराच्या स्वरूपात चिकटवावी आणि तेथे देवनागरी उमटली नाही, तर प्रबंध युनिकोडमध्ये रूपांतरित करून, रूपांतरात झालेल्या चुका तपासून, मगच ग्रंथालयाकडे द्यावा.