बोलण्याचे वीस गुण

शुक्रवारी सकाळी नऊला दहा मिनिटं कमी असताना मी तळघरातल्या त्या बिनखिडकीच्या खोलीत शिरते, तेव्हा खुर्च्या हमखास ओळीत लावलेल्या असतात. त्या ओढून गोल करायचा, हे पहिलं काम. चोवीस खुर्च्या मुलांच्या, पंचविसावी माझी. लवकर आलेले दोघं-तिघं हात लावतात, बाकीचे फोनमध्ये मान घालून भिंतीला टेकून उभे राहतात. नऊ ते नऊ पन्नास. या पन्नास मिनिटांत मी जितकं कमी बोलेन तितका तास चांगला झाला असं समजायचं, हे माझ्या गळी उतरायला अख्खं एक वर्ष लागलं.

अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात मी आंतरराष्ट्रीय संबंधांत पीएच.डी. करते, आणि त्या बदल्यात टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट म्हणून शिकवते. सोमवारी आणि बुधवारी प्राध्यापक मोठ्या सभागृहात दोनशेवर मुलांपुढे व्याख्यान देतात. शुक्रवारी तीच मुलं तुकड्या पाडून आम्हा टीएंकडे येतात. याला म्हणतात डिस्कशन सेक्शन. माझ्या वाट्याला तीन तुकड्या, म्हणजे ७२ मुलं. कंत्राट आठवड्याला वीस तासांचं, कारण सत्र चालू असताना विद्यार्थी व्हिसावर त्याहून जास्त काम करता येत नाही. वीस तासांत ७२ पेपर कसे तपासून होतात, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

सत्राच्या पहिल्या शुक्रवारी मी प्रत्येकाच्या हातात चार पानं ठेवते. आपल्याकडे सिलॅबस म्हणजे पोर्शन. इथे सिलॅबस म्हणजे जवळजवळ करारनामाच: हजेरी किती, पेपर उशिरा दिला तर काय, ई-मेलला उत्तर किती वेळात, लॅपटॉप चालेल का, कोणत्या गोष्टीला किती गुण. पहिल्या वर्षी ही पानं मी जुन्या टीएकडून जशीच्या तशी उचलली होती आणि वाचताना हसू आलं होतं. एवढे कसले नियम? आता हसू येत नाही. सोसायटीच्या फळ्यावर ‘गॅलरीतून सतरंज्या झटकू नयेत’ असं दिसलं की ओळखायचं, कुणीतरी झटकली होती आणि कुणाच्या तरी पोह्यांत धूळ पडली होती. तसंच हे. प्रत्येक ओळीमागे एक भांडण आहे, आणि त्यातली काही आता माझी आहेत.

पेपर उशिरा दिला की दर दिवसाला ग्रेड एक पायरी खाली, ‘ए’चा ‘ए मायनस’. पूर्वी सवलतीसाठी डॉक्टरची चिठ्ठी लागायची. मी ती काढून टाकली. इथे साध्या तापासाठी डॉक्टरकडे जायचं तर विमा असूनही खिशाला चाट बसते; शिवाय चिठ्ठी मागितली की आज्या मरू लागतात. (आमच्या शाळेत एका मुलाची आजी एका वर्षात तीनदा गेली होती, तेव्हा हा काही अमेरिकी शोध नव्हे.) आता प्रत्येकाला सत्रभरात दोन दिवस कारण न सांगता मिळतात. आज्या जिवंत राहतात.

गुणांबद्दल तक्रार असेल तर चोवीस तास थांबायचं, मग परिच्छेदभर लेखी लिहून द्यायचं. मी सगळा पेपर पुन्हा पहिल्यापासून वाचणार, आणि गुण कमीही होऊ शकतात. हे शेवटचं वाक्य आल्यापासून अर्ज झपाट्याने घटले. गेल्या वर्षी आम्ही अण्वस्त्रांचा धाक कसा चालतो ते शिकत होतो, तेव्हा मागून एक मुलगी म्हणाली, “म्हणजे तुमच्या पेपर-तपासणीच्या नियमासारखं.” त्या दिवशी तिला सहभागाचे पूर्ण गुण दिले.

मुलांचे गुण त्यांच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुणाला सांगायचे नाहीत, हा मात्र माझा नियम नाही. १९७४ चा केंद्रीय कायदाच आहे. फळ्यावर नावानिशी लागलेला निकाल बघत वाढलेल्या मला हे विचित्र वाटलं होतं. एका आईची ई-मेल आली, फी मी भरते, मग माझ्या मुलाचे गुण मला का नाही? तिच्या जागी माझी आई असती तर तिनेही हेच विचारलं असतं. मी दोन ओळींत नकार कळवला आणि दिवसभर अपराधी वाटत राहिलं.

सगळ्यात अवघड आहे ते सहभागाचं. शंभरातले वीस गुण बोलण्याचे! ज्या वर्गांत मी शिकले तिथे गप्प बसणं हा आदर होता आणि प्रश्न विचारणं हा आगाऊपणा. बीए होईपर्यंत मी वर्गात स्वतःहून एकदाही बोलले नसेन. इथे विद्यार्थिनी म्हणून आले तेव्हा पहिल्या सत्रात याच वीस गुणांवर पडले. आणि आता तेच गुण मी वाटते.

तास संपला की पुढच्या दहा मिनिटांत, चेहरे आठवताहेत तोवर, वहीत आकडे टाकायचे. आला नाही, शून्य. आला आणि बसला, एक. बोलला, दोन. वाचून बोलला, किंवा दुसऱ्याचं ऐकून त्याला धरून बोलला, तीन. न वाचता दहा मिनिटं बोलणाऱ्याला दोनच, आणि असा एक तरी दर तुकडीत असतो. त्याला ‘तीन’ का नाही हे समजावण्यात माझा सप्टेंबर जातो.

पण न बोलणाऱ्यांचं काय? एक मुलगा पाच आठवडे गोलात बसून बुटांच्या नाड्यांकडे बघत होता. वहीत ओळीने ‘एक’च. मग त्याचा पेपर आला, आणि तो तुकडीतला सगळ्यात चांगला होता. त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. तासाच्या सुरुवातीला प्रत्येकाने दोन मिनिटं कार्डावर लिहायचं आणि मग वाटलं तर ते वाचून दाखवायचं. आणि ज्याला बोलणं जमत नाही त्याने गुरुवारी रात्री नऊपर्यंत नेमलेल्या रीडिंगवर एक प्रश्न पाठवायचा. तो मी वर्गात मांडते, गुण त्याचे.

तो मुलगा बोलला त्या दिवशी विषय ग्रीक इतिहासकार थुसिडिडीजचा होता. इसवीसनपूर्व ४१६ मध्ये अथेन्सने ३८ जहाजं घेऊन मेलॉस या लहानशा बेटावर तळ ठोकला, शरण या म्हणून सांगितलं, आणि दोन्हीकडच्या लोकांत बोलणी झाली. मी अर्धा वर्ग अथेन्सचा करते, अर्धा मेलॉसचा. त्या दिवसापुरता एक जादा नियम: मेलॉसवाल्यांनी ‘हा अन्याय आहे’ असं म्हणायचं नाही. अथेन्सच्या दूतांनी न्यायाची भाषा सुरुवातीलाच बाजूला सारली होती. आम्हाला सोडण्यात तुमचाच फायदा कसा, एवढंच सांगायची मुभा. वर्ग अडखळला. मग नाड्यांकडे बघणारा म्हणाला, “आम्हाला मारलंत तर आज जे तटस्थ आहेत ते उद्या तुमचे शत्रू होतील.” हा मुद्दा मूळ संवादात आहे, त्याने वाचलं होतं. समोरच्या बाजूला तीस सेकंद कुणाला उत्तर सुचलं नाही. ते तीस सेकंद मी मोडले नाहीत. वर्गातली शांतता लगेच भरून काढायची नाही, हे मी कुठल्याही प्रशिक्षणात शिकले नाही, आकडे मोजून शिकले. मनात दहापर्यंत मोजायचं, आणि बहुतेकदा सात-आठला कुणीतरी तोंड उघडतं.

मेलॉसचे सगळे प्रौढ पुरुष मारले गेले, बायकामुलं गुलाम झाली. मग बोलून उपयोग काय, असं दर वर्षी कुणीतरी विचारतं. बारा वर्षांनी अथेन्स स्वतःच स्पार्टाला शरण गेलं, एवढं सांगून मी गप्प बसते.

कागदावर एक नियम असा आहे: इथे कुणीही आपल्या देशाचा वकील नाही. तो मी पहिल्या वर्षानंतर घातला. त्या वर्षी काश्मीरचा विषय निघाला की सगळ्या माना माझ्याकडे वळत, ‘भारताचं म्हणणं काय?’ चिनी मुलीला तैवानबद्दल तेच, इस्रायलहून आलेल्या मुलाला तर दर आठवड्याला.

या नियमाची माझ्यावरच परीक्षा झाली. गेल्या वर्षी वर्गात ‘लोकशाही देश एकमेकांशी युद्ध करत नाहीत’ हा सिद्धान्त होता. तत्त्वज्ञ कांटच्या १७९५ च्या निबंधापासून निघालेली आणि १९८०च्या दशकात अभ्यासक मायकेल डॉइलने नव्याने मांडलेली ही कल्पना मुलांना फार आवडते, कारण त्यात आपण चांगले ठरतो. ज्याचे आईवडील लाहोरचे आहेत असा एक मुलगा शांतपणे म्हणाला, “आणि कारगिल?” बरोबर प्रश्न. १९९९, दोन्हीकडे निवडून आलेले पंतप्रधान, आणि युद्ध मोजणारे अभ्यासक मृतांची जी १,०००ची रेषा मानतात ती ओलांडलेली. माना माझ्याकडे वळल्या.

मी सातारची. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, पिढ्यान्‌पिढ्या सैनिक देणारं. लोक त्याला अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. ९९ साली मी तिसरीत होते. बाईंनी जवानांसाठी वर्गात डबा फिरवला होता आणि मी त्यात खाऊचे पाच रुपये टाकले होते. हे सगळं घशाशी आलं. पण नियम माझाच होता. मी फळ्यावर लिहिलं: ‘निवडणूक झाली म्हणजे लष्कर सरकारच्या हातात असतंच का?’ पुढची वीस मिनिटं वर्ग त्यावर भांडला, आणि त्या मुलाने आपल्या बाजूची लंगडी जागा स्वतःच दाखवली. वहीत त्याच्यापुढे तीन लिहिलं. मला कुणी आकडा टाकत नाही, नाहीतर त्या दिवशी मीही तीन घेतला असता.

काही नियम मात्र माझ्याच अंगाशी आले. लॅपटॉप बंद, असं मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. अपवाद फक्त अपंगत्व कार्यालयाचं पत्र आणणाऱ्यांना. दुसऱ्याच आठवड्यात गोलात एकच लॅपटॉप उघडा दिसला, आणि ज्या मुलीने आपलं अपंगत्व कुणाला कळू दिलं नव्हतं तिचं ते सगळ्या वर्गाला कळलं. ती काही बोलली नाही, मलाच तासभर तिच्याकडे बघवेना. आता लॅपटॉप सगळ्यांना चालतो. अर्थात अर्धे जण त्यावर बूट विकत घेत असतात.

२०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं, आणि कागदावर त्याचाही परिच्छेद आला. त्यात नंतर दोनदा फेरफार केले. सध्याचा नियम एवढाच की पेपरात लिहिलेल्या कुठल्याही वाक्याबद्दल मी विचारलं तर समोर बसून दोन मिनिटं बोलता आलं पाहिजे. म्हणजे फिरून तोंडी परीक्षाच.

तुमच्या घरातलं कुणी इकडे शिकायला निघालं असेल तर त्याला एवढं सांगा, की वर्गात बोलवत नसेल तर टीएच्या ऑफिस अवर्सला, म्हणजे मुलांना भेटायला राखलेल्या वेळात, जा आणि तसं सांग. वेळ त्या चार पानांपैकी पहिल्याच पानावर असते. माझी बुधवारी दोन ते चार. बहुतेक बुधवारी मी तिथे एकटीच बसलेली असते.